जुनं मल्टिपर्पज सुतारी मशीन घेताना: गंज नंतर बघा, आधी बीड आणि ब्लॉक बघा

कमी पैशात लाकूडकामाचं मशीन हवं असलं की नजर मल्टिपर्पजवर जाते. एकाच धडावर चक्री करवत, रंधा, लाकूड एकसारख्या जाडीचं करणारा थिकनेसर, कधी उभ्या फिरत्या कटरने कडांना आकार देणारा स्पिंडल मोल्डर आणि सांध्याची लांबट भोकं पाडायचं टेबल. पाच वेगळी मशीनं घ्यायला जागाही नसते आणि पैसेही नसतात, म्हणून हे एक. आणि नवं परवडत नाही म्हणून वापरलेलं. हिशेब चुकीचा नाही. माझं फर्निचरचं काम अशाच एका वापरलेल्या मशीनवर चालतं आणि ओळखीतलं कुणी मशीन बघायला निघालं की मला सोबत नेतं. तिथे बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. घेणारा ज्या गोष्टींना घाबरतो त्या थोडक्यात बदलून मिळतात, आणि ज्यामुळे मशीन कायमचं वाया गेलेलं असतं तिकडे त्याचं लक्षही जात नाही.

गंजलेलं टेबल, आवाज करणारं बेअरिंग, फाटलेला पट्टा, बोथट पाती, सुरू न होणारी मोटर ही सगळी दुरुस्तीची कामं आहेत. तडा गेलेलं बीड (म्हणजे ओतीव लोखंड), वाकडं झालेलं टेबल, झिजलेला कटर ब्लॉक (रंध्याची पाती बसवलेला फिरता रूळ) आणि हरवलेले सुटे भाग यांना मात्र सहसा इलाज नसतो, किंवा इलाज मशीनपेक्षा महाग पडतो. म्हणून मशीनसमोर उभं राहिल्यावर प्रत्येक दोषाला मी एकच प्रश्न विचारते: हे बाजारातून विकत आणता येईल का? येत असेल तर तो फक्त खर्च, आणि खर्च किमतीतून वजा करता येतो. येत नसेल तर मशीन कितीही चकाचक असो, मी परत फिरते.

आधी ठरवा, नक्की कुठल्या कामासाठी

ज्याला मुख्यतः प्लायवूडच्या मोठ्या शीट कापायच्या आहेत त्याने मल्टिपर्पजच्या नादी लागू नये. लहान मशीनचं टेबल एवढंसं असतं, त्यावर पूर्ण शीट सांभाळणं जिवावर येतं. त्याला रेलवरून चालवायची, हातात धरायची विजेची करवत बरी. ज्याला जाड, ओबडधोबड लाकूड आणून त्याच्या सरळ, एकसारख्या जाडीच्या पट्ट्या काढायच्या आहेत त्याचा यात खरा फायदा, कारण रंधा आणि थिकनेसर हाच या मशीनचा जीव. म्हणून तपासताना निम्म्याहून जास्त वेळ मी त्या दोघांवरच घालवते. करवत थोडी डावी असली तर निभावून नेता येतं, रंधा डावा असला तर पुढचं सगळं काम वाकडं जातं.

आणखी एक. एका वेळी दोन माणसं काम करणार असतील तर मल्टिपर्पज घेऊ नका. एकजण करवतीवर उभा असताना दुसऱ्याला रंधा मारता येत नाही. एकट्यानेच करायचं असलं तरी करवतीवरून रंध्यावर आणि रंध्यावरून थिकनेसरवर यायला किती वेळ लागतो ते विक्रेत्यासमोर स्वतः करून बघा. फेन्स (लाकूड टेकवायची उभी पट्टी) काढायचं, टेबल उचलायचं, भुशाचं झाकण उलटायचं, टेबल खाली घ्यायचं. हे दिवसातून अनेकदा करावं लागतं. त्यात पाना शोधावा लागत असेल, हँडल अडकत असेल, तर तुम्ही हळूहळू थिकनेसर वापरणंच सोडून द्याल.

दोन घराणी

जुन्या बाजारात दोन जातीची मशीनं येतात. एक लेथवर, म्हणजे खरादावर उभारलेली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हान्स गोल्डश्मिट यांनी बनवलेलं शॉपस्मिथ हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं; १९५३ सालचं मार्क ५ हे मॉडेल थोड्याफार बदलांनी पुढे कित्येक दशकं विकलं गेलं. एक मोटर, एक स्पिंडल, दोन नळ्यांवर पुढेमागे सरकणारं हेडस्टॉक, म्हणजे मोटर आणि स्पिंडल असलेलं डोकं. त्यालाच करवत, खराद, ड्रिल, सँडिंगची तबकडी लावायची. ज्याला खराद आणि ड्रिल जास्त लागतं त्याच्यासाठी हे चांगलं. पण यात करवतीचं पातं तिरपं होत नाही, टेबल तिरपं होतं. ४५ अंशांत लांब पट्टी कापताना ती उतारावरून घसरू बघते, हे आधी माहीत असावं. शॉपस्मिथचा वेग बदलायचा डायल मशीन चालू असतानाच फिरवायचा असतो. बंद मशीनवर जोर लावून फिरवला तर आतली यंत्रणा बिघडते. बघायला गेल्यावर चालू करून डायल सगळ्यात कमी वेगापासून सगळ्यात जास्त वेगापर्यंत फिरवून बघा. मध्ये कुठे अडखळला किंवा घुरघुरला तर आतल्या पुल्ल्या आणि पट्टा बघावे लागतील.

दुसरं घराणं युरोपातलं: रंधा-थिकनेसर मध्ये, त्याच्या बाजूला करवत आणि स्पिंडल, कडेला भोकं पाडायचं टेबल. ऑस्ट्रियाच्या फेल्डर आणि हॅमर, इटलीची मिनिमॅक्स, बेल्जियमची रॉबलँड, फ्रान्सच्या किटी आणि ल्युरेम ही यातली नावं. रॉबलँडच्या एक्स-३१ मध्ये तीन वेगळ्या मोटारी असतात. लहान मशीनांत एकच मोटर पट्टा बदलून सगळीकडे फिरवतात. एकच मोटर असणं हा काही दोष नाही, पण पट्टा चढवायची-उतरवायची सोय कशी आहे ते हात घालून बघा. ज्या कंपन्या चालू आहेत त्यांचे सुटे भाग मागवता येतात. बंद पडलेल्या कंपनीच्या मशीनला सगळी मदार दुसऱ्या जुन्या मशीनच्या सुट्या भागांवर. म्हणून निनावी किंवा बंद कंपनीचं मशीन घ्यायला हरकत नाही, पण ते संपूर्ण असेल तरच.

जाण्याआधी फोनवर

फोटो मागवा: नावाची पाटी, टेबलं वरून, कटर ब्लॉक जवळून, आणि सगळे सुटे भाग जमिनीवर मांडून एकत्र. शेवटचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा. विक्रेता म्हणतो “सगळं आहे”, पण मांडायला सांगितलं की खरं कळतं. मॉडेलचं माहितीपुस्तक आधी मिळवून त्यातल्या आकृतीशी फोटो ताडून बघा. नेहमी हरवणाऱ्या वस्तू ठरलेल्या आहेत: करवतीमागची फाळ, म्हणजे पात्यामागे उभा असणारा पोलादी पत्रा, पात्यावरचं झाकण, स्पिंडलचं हूड (कटरवरचं आच्छादन), ब्लॉकवरचा आडवा गार्ड, थिकनेसरचं भुशाचं झाकण, ड्रिलचा चक आणि मायटर गेज, म्हणजे लाकूड ठरलेल्या कोनात धरून सरकवायची पट्टी.

मशीन बऱ्याचदा मालक गेल्यावर घरचे लोक विकतात. त्यांना कुठला तुकडा कशाचा हे माहीत नसतं आणि तो दोष त्यांचा नाही. अशा वेळी शांतपणे परवानगी घेऊन फळीवरचे डबे, भिंतीवरच्या खुंट्या, बाकाखालचे खोके बघावेत. अर्धं मशीन तिथे सापडतं. आपण परत गेल्यावर ते खोके भंगारात जातात, तेव्हा त्याच दिवशी बघा.

आणि सांगून ठेवा की मी येण्याआधी मशीन चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा मोटरला हात लावा. गरम लागली तर कुणीतरी आधीच फिरवून बेअरिंग मोकळी केली आहेत, किंवा थंड असताना सुरू न होणारी मोटर कशीबशी चालू केली आहे.

सोबत न्यायचं सामान फार नाही. खात्रीची सरळ पट्टी, शक्यतो एक मीटरची; फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच; चांगला गुण्या; व्हर्नियर; टॉर्च; लांब स्क्रू ड्रायव्हर; आणि रंधून बघायला स्वतःचं लाकूड. विक्रेत्याकडच्या लाकडाच्या भरवशावर राहू नका, त्यात खिळा निघाला तर वाद होतो.

टेबलं आणि ब्लॉक

मशीन बंद, प्लग काढलेला. हे स्वतः काढा आणि प्लग डोळ्यांसमोर राहील असा ठेवा.

रंध्याला दोन टेबलं असतात: लाकूड जिथून आत जातं ते पुढचं, आणि ब्लॉक ओलांडून जिथे पोचतं ते मागचं. दोन्ही एकमेकांना समांतर हवीत, नाहीतर लांब पट्टी कधीच सरळ निघत नाही, मधे पोट येतं किंवा खोलगट होते. ब्लॉक हाताने फिरवून पाती वाटेतून बाजूला करा. पुढचं टेबल मागच्याच्या पातळीपर्यंत वर आणा. सरळ पट्टी मागच्या टेबलावर घट्ट धरा आणि तिचं दुसरं टोक पुढच्या टेबलावर जाऊ द्या. आता पट्टीखाली फीलर सरकवा: ब्लॉकजवळ, मधे, टोकाला. हे फेन्सच्या बाजूला करा, बाहेरच्या कडेला करा, मग दोन्ही कर्णांवर करा. एका कडेला फट आणि दुसऱ्या कडेला नाही, म्हणजे टेबल पीळ खाल्लेलं किंवा बिजागरीत बसलेलं. सारखी वाढत जाणारी फट म्हणजे टेबल झुकलेलं. झुकलेलं टेबल खालच्या स्क्रूंनी सरळ करता येतं. पिळलेलं बीड घासून घ्यावं लागतं, आणि ते मशीन शॉपचं काम आहे. लहान मशीनवर ०.१ मिलिमीटरपर्यंतची फट मी चालवून घेते, ०.३ दिसली की विक्रेत्याला दाखवते. त्याहून जास्त असेल आणि खाली ती दुरुस्त करायचे स्क्रूच नसतील, तर पुढचं काही बघत नाही.

मल्टिपर्पजमध्ये एवढ्यावर थांबून चालत नाही. थिकनेसर वापरायला ही टेबलं उचलावी किंवा काढावी लागतात, म्हणजे ती पुन्हा त्याच जागी बसतात का हा खरा प्रश्न. म्हणून फटी कागदावर लिहून ठेवा. टेबलं उघडा, नेहमीच्या ताकदीने बंद करा, लॉक करा आणि पुन्हा मोजा. आणखी एकदा करा. आकडे तेच आले तर मशीन प्रामाणिक आहे. दर वेळी वेगळे आले तर बिजागरी झिजली आहे, टेबल ज्यावर टेकतं तो स्टॉप वाकलाय, किंवा नुसताच टेकणाच्या जागी भुसा साचलाय. आधी बोटाने आणि ब्रशने ती जागा साफ करून परत मोजा. घट्ट बसलेला, डिंकासारखा झालेला भुसा अर्धा मिलिमीटरसुद्धा टेबल उचलून धरतो, आणि अशी मशीनं “टेबल वाकडं” म्हणून स्वस्तात जातात. ती आपल्याला हवीच आहेत.

आता ब्लॉक. तो गोल हवा. जुन्या काही मशीनांत चौकोनी ब्लॉक असतो. त्याच्यात आणि टेबलाच्या ओठात मोठी पोकळी राहते आणि बोट सापडलं तर पात्याला लागून थांबत नाही, आत ओढलं जातं. असं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये. गोल ब्लॉकमधली पाती धरणाऱ्या पाचरा नीट बघा: सगळ्या मूळच्या आहेत का, त्यांच्या स्क्रूंची डोकी गोल झालीत का, खाचेच्या कडेला चीर किंवा खोल गंज आहे का. पात्यांचा गंज हा विषयच नाही, ती नवी येतात. खाचेतला गंज गंभीर, कारण मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरणारी पाती त्या खाचेच्या जोरावर धरलेली असतात. पाती पुष्कळदा धार लावून अरुंद झाली असतील तर पाचरेला धरायला पुरेसं पोलाद उरत नाही. अशी पाती चाचणीलाही चालवू देऊ नका.

ब्लॉकवर पाती आणि पाचरांऐवजी छोट्या चौकोनी कार्बाइडच्या चकत्या बसवलेल्या असतील तर चांगलं. त्या चार कडांनी फिरवता येतात, आवाज कमी येतो, गाठीचं लाकूडही कमी फाटतं. पण एखादी चकती निघते का ते पान्याने बघा. न निघणाऱ्या चकत्यांचा ब्लॉक म्हणजे नव्या ब्लॉकचा खर्च.

बेअरिंग

याला लोक फार घाबरतात. ब्लॉक वर-खाली हलवून बघा, डुगडुगला नाही पाहिजे. हाताने फिरवा: खरखर लागली तर बेअरिंग गेलं. मशीन चालू असताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक फिरत्या भागापासून दूर, बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावली की आतलं सगळं ऐकू येतं. गुळगुळीत गुणगुण चांगली, वाळू दळल्यासारखा आवाज वाईट. पण बहुतेक मशीनांत ही प्रमाण मापाची बेअरिंग असतात, कडेवर नंबर छापलेला असतो. ६२०५ असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा, २५ मिलिमीटरचा शाफ्ट. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. आवाज करणारं बेअरिंग हा किंमत कमी करून घ्यायचा मुद्दा आहे, मशीन सोडून द्यायचा नाही. अपवाद एकच: बेअरिंग शाफ्टवर गरगरून शाफ्टच झिजला असेल, तर नवं बेअरिंगही सैल बसणार. शाफ्टवर निळसर जळका पट्टा किंवा घासलेली चकचकीत रेघ दिसली तर तो शाफ्ट संशयित धरा.

बीडाचे तडे

टॉर्च आडवी धरून, प्रकाश पृष्ठभागाला घासून जाईल असा टाका. लॉकची हँडलं जिथे बसतात तिथे, करवत तिरपी होते त्या अर्धगोल पट्ट्यांवर, फेन्सच्या बैठकीवर आणि पायाच्या बोल्टांभोवती बघा. एकाच जागी ताजा रंग म्हणजे तिथे नखाने खरवडायचं. बीडाचं वेल्डिंग होतं, पण नीट करणारा कारागीर विरळा, आणि ज्या भागावर कंप किंवा दाब येतो तिथे जोडलेलं बीड टिकेल असं मी धरून चालत नाही. एकदा एका मशीनच्या थिकनेसरच्या टेबलाखाली, वर्षानुवर्षांच्या तेलकट भुशाच्या थरात, बोल्ट आणि पट्टी मारून जोडलेला भाग सापडला होता. वरून मशीन नव्यासारखं होतं. खाली वाकून बघायला कपडे खराब होतील, होऊ द्या.

लहान आणि हलक्या मशीनांत टेबलं अ‍ॅल्युमिनियमची असतात. ती गंजत नाहीत, पण लाकूड जिथून रोज घासतं तिथे खोलगट होतात. सरळ पट्टी आडवी लावून ते कळतं.

थिकनेसर चालवून बघा

टेबल वर-खाली करताना हँडल सगळ्या अंतरात सारखं फिरायला हवं. टेबलाच्या चारी कोपऱ्यांवर दाबून बघा. आत ओढणारा रोलर सहसा खाचांचा असतो, त्या खाचा डिंकाने भरल्या असतील तर साफ होतात. बाहेर काढणारा रबराचा असेल तर नखाने दाबा; दगडासारखा कडक किंवा भेगाळलेला असेल तर रबर नवं चढवून घ्यावं लागेल. रोलरच्या पुढे लोंबणारे पोलादी दात एकेक करून बोटाने उचला आणि सोडा, प्रत्येक आपल्या वजनाने पडला पाहिजे. लाकूड उलटं फेकलं जाऊ नये म्हणून ते असतात, आणि डिंकाने चिकटलेला दात काहीच अडवत नाही.

मग चाचणी. सारख्या दोन पट्ट्या घ्या, दोन्ही आत जाणारा आणि बाहेर काढणारा रोलर यांच्यातल्या अंतरापेक्षा भरपूर लांब. एक डाव्या कडेने घाला, सेटिंग न बदलता दुसरी उजव्या कडेने. व्हर्नियरने जाडी मोजा. फरक ०.१ मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. जास्त असेल तर टेबल एका बाजूला उतरलंय किंवा पाती एका कडेला पुढे आली आहेत, आणि हे दोन्ही बहुतेक वेळा दुरुस्त होतं. टोकाला बोटभर अंतरावर थोडी खोल खाच पडते ती जवळजवळ सगळ्या थिकनेसरना पडते, तिला बघून मन खट्टू करू नका.

करवत, स्पिंडल, भोकाचं टेबल

करवतीचं पातं काढून शाफ्ट हलवून बघा. फ्लँज, म्हणजे पातं ज्यांच्यामध्ये आवळतात त्या तबकड्या, साफ करा, त्यांवर ओरखडे नकोत. पातं परत लावून एका दाताला खडूने खूण करा. तो दात पुढे असताना आणि पाठीमागे नेल्यावर मायटरच्या खाचेपासून किंवा सरकत्या टेबलापासूनचं अंतर मोजा. दोन्ही सारखी हवीत. नसतील तर लाकूड पात्यात अडकतं आणि अंगावर येतं. टेबल हलवून जुळवता येत असेल तर ठीक. पातं ४५ अंशांत तिरपं करून लॉक करा आणि हाताने दाबून बघा, लॉक सुटता कामा नये.

फाळ नसेल तर ती मिळेपर्यंत करवत वापरू नका. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांनी पाडलेल्या खाचेपेक्षा पातळ हवी, आणि दातांपासून ३ ते ८ मिलिमीटर अंतरावर बसली पाहिजे. दुसऱ्या मशीनची फाळ चढवताना हे अंतर जुळलं नाही तर तिचा उपयोग नाही.

स्पिंडल मोल्डर नवशिक्याने पहिल्याच वर्षी वापरू नये असं माझं ठाम मत आहे. तो मशीनवर नसला तर किंमत कमी होते, तेच बरं. असलाच तर हूड आणि गार्ड पूर्ण असल्याशिवाय आणि जुनी कटरं हाताने लाकूड सरकवण्यासाठी बनवलेली आहेत हे कळल्याशिवाय चालू करू नका. सोबत मिळणाऱ्या जुन्या, धार लावून लावून निमुळत्या झालेल्या कटरांचा मोह ठेवू नका.

भोकाचं टेबल चांगलं असतं आणि लोकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच मशीनांत त्याचा चक कटर ब्लॉकच्याच टोकाला असतो, त्यामुळे रंधा चालू असताना चकही फिरतो. वापरत नसाल तेव्हा बिट काढून ठेवायचं आणि झाकण लावायचं. ब्लॉक कुठल्या दिशेने फिरतो ते बघून बिट डाव्या हाताचं लागेल की उजव्या ते ठरतं. विक्रेत्याकडे जुनी बिटं असतील तर तीच मागून घ्या.

मोटर आणि वीज

पाटी वाचा. सिंगल फेज की थ्री फेज? सिंगल फेज मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही तेव्हा बहुतेकदा कपॅसिटर गेलेला असतो, किरकोळ काम. पाटीवर एस१ असेल तर मोटर दिलेल्या ताकदीने सतत चालू शकते. एस६-४०% म्हणजे ती ताकद वेळेच्या ४० टक्केच, मधे विनाभार फिरून थंड व्हायला हवी. जाहिरातीत मोठा आकडा आणि पाटीवर एस६, असं पुष्कळदा असतं.

थ्री फेज मशीन स्वस्त मिळतं, कारण घरी सिंगल फेज असणारे त्याच्याकडे फिरकत नाहीत. इथे थोडा अभ्यास करणाऱ्याचा फायदा आहे. पाटीवर २३०/४०० व्होल्ट लिहिलं असेल तर मोटरची जोडणी डेल्टात बदलून ती २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर व्हीएफडीने (सिंगल फेजमधून मोटरसाठी थ्री फेज तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हने) चालवता येते. ४००/६९० लिहिलं असेल तर साध्या व्हीएफडीने होणार नाही. आणि व्हीएफडी थेट मोटरला जोडायचा. मशीनवरचा जुना स्विच किंवा निवडीची खुंटी मधे ठेवून चालू असताना फिरवली तर व्हीएफडी जळू शकतो. तीन मोटारींच्या मशीनमध्ये हे गुंतागुंतीचं होतं, तिथे जाणत्या इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्विच असा हवा की वीज गेली आणि परत आली तर मशीन आपोआप सुरू होणार नाही. चालू असताना प्लग काढा, परत लावा. सुरू झालं तर स्विच बदलायचा, ती खर्चाची पहिली ओळ. अर्थिंगची तार शेवटपर्यंत पोचली आहे का हेही बघा, जुन्या मशीनांत ती कुणीतरी कापून ठेवलेली असते. बंद केल्यावर ब्लॉक थांबायला किती वेळ लागतो ते मोजा. ब्रेक असलेलं नीट मशीन १० सेकंदांत थांबतं, बिनब्रेकचं बराच वेळ फिरत राहतं आणि तेवढा वेळ हात लांब ठेवायची सवय लावावी लागते.

किमतीचं बोलणं

मनात ठरवलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा मी मशीनसाठी धरतच नाही. वाहतूक, बेअरिंग, पट्टे, पात्यांचे दोन संच, चांगलं करवतीचं पातं, वायरिंग आणि भुसा ओढायची सोय त्यातून होते. भुशाची सोय ही हौस नव्हे. थिकनेसर थोड्याच वेळात पोतं भरतो, आणि बारीक धूळ फुप्फुसात जाते.

भाव करताना मशीनला नावं ठेवू नका. मोजलेले आकडे लिहिलेला कागद समोर ठेवा: हे बेअरिंग, हा रोलर, हा स्विच. विक्रेत्यालाही ते पटतं, कारण तुम्ही त्याच्यादेखत मोजलेलं असतं. आणि सगळं ठरल्यावर शेवटी विचारा, याच्याबरोबरचं अजून काही पडलंय का? क्लॅम्प, पाती, जुने पट्टे बहुतेक वेळा तेव्हा निघतात.

घरी नेताना आणि नेल्यावर

टेबलांना धरून मशीन उचलायचं नाही, हे मदतीला आलेल्या प्रत्येकाला आधी सांगा. फेन्स, सरकतं टेबल, भोकाचं टेबल सुटं करा. वायर सोडण्याआधी प्रत्येक जोडणीचा फोटो काढा. मोटारीची बाजू जड असते, मशीन तिकडेच कलंडतं. पॅलेटला बोल्ट मारून, दोर धडावरून घ्या, टेबलांवरून नाही. स्क्रू आणि वॉशर प्रत्येक भागासोबत वेगळ्या पिशवीत.

जागेवर ठेवल्यावर लगेच स्क्रू पिळायला बसू नका. आधी पायाखाली पातळ पट्ट्या घालून मशीन चारही पायांवर सारखं टेकवा. जमीन उंचसखल असेल तर धड पीळ खातं आणि धडाबरोबर टेबलंही. मग तीच सरळ पट्टी, तेच फीलर, आणि विक्रेत्याकडे लिहिलेला तोच कागद घेऊन पुन्हा मोजा. आकडे बदलले असतील तर दोष पायात किंवा वाहतुकीत शोधा, टेबलाचे स्क्रू त्यानंतर. नवी पाती लावताना ती ब्लॉकबाहेर साधारण एक मिलिमीटर राहू द्या, मागचं टेबल पात्यांच्या सर्वांत वरच्या टोकाच्या पातळीला आणा, पाचरांचे स्क्रू मधून कडेकडे थोडे थोडे करून आवळा आणि पहिल्यांदा चालू करून थोडा वेळ फिरवल्यावर बंद करून, प्लग काढून, प्रत्येक स्क्रू पुन्हा एकदा आवळून बघा.